आडबंदरची जोडणी

१२ फेब्रुवारी

वाचनालयाचे अध्यक्ष आज घरी येऊन गेले. ज्येष्ठ सभासदांसाठी 'संगणकाचं जाळं' या विषयावर वर्ग सुरू करायचा आहे आणि तो मीच घ्यावा असं कार्यकारिणीत ठरलंय म्हणे. मी विचार करून कळवतो म्हटलं. ते कोपऱ्यावर जाऊन रिक्षात बसेपर्यंत कसाबसा थांबलो आणि फोन करून होकार दिला.

माझ्याहून योग्य माणूस या शहरात आहे कोण? हे बढाई म्हणून नव्हे, नोंद म्हणून लिहितो. हरिश्चंद्र शिवलकर, उभी नोकरी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये. ज्याने ट्रंक कॉलच्या दोऱ्या हाताने खुपसल्या, मग एसटीडी आलेली पाहिली, मग काचेच्या केसाएवढ्या तारेतून प्रकाश धावताना पाहिला, त्याने नाही शिकवायचं तर कोणी?

राजश्री म्हणाली, "छान झालं. पण जरा सोपं करून सांगा हो."

तिने तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं. लहान मुलांचं वेगळं असतं. मोठ्यांसमोर विषयाचा दर्जा खाली आणता येत नाही, हे मी तिला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

नव्या कामाची नोंद असावी म्हणून आजपासून ही डायरी.

२४ फेब्रुवारी

पहिला वर्ग. वाचनालयाचा हॉल भरला होता, खुर्च्या कमी पडल्या.

पर्सनल, लोकल, मेट्रोपॉलिटन आणि वाइड एरिया असे जाळ्यांचे चारही प्रकार फळ्यावर लिहिले. प्रत्येकाची व्याख्या दिली. मग इतिहासाकडे वळलो. १९६९ साली अमेरिकेत एका विद्यापीठातल्या संगणकावरून दुसरीकडच्या संगणकाला पहिला निरोप धाडला गेला. शब्द होता 'लॉगिन'. एल गेला, ओ गेला आणि पलीकडचं यंत्र कोसळलं. आज जगभर पसरलेल्या जाळ्याचा पहिला उच्चार अडीच अक्षरांचाही नव्हता! इथे हशा येईल असं मला वाटलं होतं. आला नाही.

शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं. मागच्या रांगेत आमच्या घरी मासळी घेऊन येणारी चिमाबाई बसली होती. हिला कोणी बोलावलं कोण जाणे. ती खाडीपलीकडच्या आडबंदरची. रोज तरीतून, म्हणजे खाडीतल्या फेरीबोटीतून, अलीकडे येते. ती उभी राहिली.

"मास्तर, आमची जाळी दर्यात टाकायची. ह्या तुमच्या जाळ्यात काय गावतं?"

हशा आला तो इथे. मी शांतपणे म्हटलं, "माहिती गावते, चिमाबाई."

"मग आमच्या नर्सबाईला का नाय गावत? डॉक्टरला काय विचारायचं झालं तर फोन घेऊन कातळावर जाऊन उभी ऱ्हाते बिचारी. भर उन्हात."

प्रश्न चांगला होता, पण अभ्यासक्रमात पुढे होता. तसं तिला सांगितलं.

२ मार्च

पाच जण आले. त्यातले दोघे पेपर वाचायला आलेले होते आणि उठून जायचा संकोच वाटला म्हणून बसले.

मी सात थर शिकवले. एका संगणकातून निघालेला निरोप तारेपर्यंत कसा एकेक थर खाली उतरतो आणि पलीकडे एकेक थर कसा चढतो ते. माझ्या मते व्याख्यान उत्तम झालं. समोर घोरण्याचा आवाज आला तो पंख्याचा असावा.

घरी येऊन राजश्रीला विचारलं, "मी कंटाळवाणा बोलतो का गं?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या खेपेला मी चहा घेऊन येते वर्गात."

एक गोष्ट इथेच लिहितो, कुणाला सांगणार नाही. नव्वदच्या दशकात आमच्या एक्सचेंजमध्ये एक कपाट आलं होतं. पॅकेट स्विचिंगचं, म्हणजे निरोपाची पाकिटं करून पाठवणारं, बँकांसाठी. जिल्ह्यात ते चालवणारा मी एकटा. पुढे इंटरनेट आलं, सगळं जग दुसऱ्याच पद्धतीने बोलू लागलं आणि ते कपाट भंगारात गेलं. ट्रकमध्ये चढवताना मी तिथेच उभा होतो. मी शिकवतो तेव्हा लोकांना ते कपाट तर दिसत नसेल ना, असं कधीकधी वाटतं.

१६ मार्च

हॉल पुन्हा भरला! माझी पद्धत लोकांच्या अंगवळणी पडायला दोन आठवडे लागले, एवढंच.

गेल्या वर्गापासून राजश्री चहाची किटली आणते. वर्ग संपल्यावर बायका आणि बरेचसे पुरुषही मागच्या व्हरांड्यात तिच्याभोवती आजही तासभर बसले. मी अध्यक्षांशी बोलत होतो. चहाचं निमित्त लोकांना पुरतं.

आज उजळणी घेतली. "निरोपाची पाकिटं करून का पाठवतात?" असं विचारल्यावर चिमाबाईने हात वर केला.

"समजा मला मुंबईला लेकाकडं लांबलचक पत्र धाडायचंय. त्याचं तुकडं करायचं. हरेक तुकड्यावर लेकाचा पत्ता नि नंबर घालायचा. एक तुकडा चिपळूणच्या एसटीत, एक कोल्हापूरच्या, एक रेल्वेत. एक गाडी बंद पडली तरी बाकीचं पोचतं. जो ऱ्हायला तो लेक परत मागवून घेतो. नि तिथं नंबर लावून पत्र जोडायचं."

मी थक्क झालो. पॅकेट स्विचिंग याहून चांगलं सांगता येणार नाही. हे एसटीचं उदाहरण मी कधी दिलं ते आठवत नाही, पण ओघात दिलं असणार. वर्गात माणूस बोलतो ते सगळं लक्षात राहत नाही.

फार समाधान वाटलं.

३० मार्च

आजचा विषय माझा सर्वांत आवडता: मानकीकरण. लोकांना वाटतं, जाळं म्हणजे तारा. जाळं म्हणजे ठराव. सुरुवातीला प्रत्येक कंपनीची यंत्रं आपापल्या भाषेत बोलत. एकीचं यंत्र दुसरीच्या यंत्राला ओळखसुद्धा देत नसे. मग लोक एकत्र बसले, वर्षानुवर्षं भांडले आणि नियम ठरवले. खोलीतल्या, इमारतीतल्या जाळ्यांसाठी एक समिती बसली ती १९८० च्या फेब्रुवारीत, म्हणून तिचं नाव ८०२ पडलं असं म्हणतात. आपलं वाय-फाय तिचंच अपत्य. आणि १ जानेवारी १९८३ ला अमेरिकेतल्या त्या मूळ जाळ्यावरच्या यंत्रांनी जुनी पद्धत सोडून एकच नवी पद्धत घेतली. तीच आज तुमच्या-आमच्या खिशात आहे.

मी शेवटी म्हटलं, "ज्याने आपला हेका सोडला तो जोडला गेला. ज्याने धरून ठेवला त्याचं यंत्र भंगारात गेलं." टाळ्या पडल्या.

त्यानंतर राजश्री उभी राहिली. सर्वांसमोर! म्हणाली, "सर, मग आपल्या वर्गाने एक जोडणी खरोखर करून दाखवावी का? वाचनालयाच्या गच्चीवरून आडबंदर समोर दिसतं. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात नर्सबाईंना नेट पोचलं तर?"

हे माझ्या मनात होतंच. मी तिथेच घोषणा करून टाकली. अध्यक्ष परवानग्यांचं पाहतो म्हणाले.

२८ एप्रिल

आज आडबंदरला जाऊन आलो. सरळ पाण्यावरून पाहिलं तर हाकेच्या अंतरावर वाटतं, पण रस्त्याने खाडीला वळसा घालून घाटी चढून जावं लागतं आणि ती घाटी पावसाळ्यात भरवशाची नाही.

उपकेंद्राची नर्स दर्शना. तिशीतली, चटपटीत मुलगी. मला कातळावरची तिची जागा दाखवली. एका जांभ्या दगडावर उभं राहिलं की फोनला दोन दांड्या येतात, खाली उतरलं की जातात. "इथून मी डॉक्टरांना आवाज पोचवू शकते सर, पण पेशंट नाही दाखवू शकत. पेशंटला इथवर आणू कसं?"

तिकडच्या बाजूचं काम बघायला गावाने एक गृहस्थ नेमलेत. रावजी पावसकर. व्यापारी बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. माझ्याच वयाचे, ताठ, पांढऱ्या मिशा. उपकेंद्राशेजारीच घर. भेटल्याबरोबर सांगितलं, "शिवलकर, तुम्ही तारेतून बोललात, मी वाऱ्यातून. हे काम वाऱ्याचं आहे, एवढं ध्यानात असू द्या."

मी हसून सोडून दिलं. चहा बरा होता.

१९ मे

वाईट दिवस.

आमची डिश, म्हणजे वाय-फाय दूरवर फेकणारी थाळी, वाचनालयाच्या गच्चीवर बसवली. मी स्वतः निवडलेली, उत्तम कंपनीची. आडबंदरची डिश तिथल्या मुंबईकर मंडळींनी पाठवली, पावसकरांच्या पसंतीने, दुसऱ्याच कंपनीची. दोन्ही खोक्यांवर वाय-फाय लिहिलेलं. दोन्ही डिशा एकमेकींकडे अचूक तोंड करून उभ्या आहेत. आणि दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.

मी लगेच कारण ओळखलं. दोन्ही कंपन्यांनी आपापली एक खास पद्धत आत घालून ठेवली आहे. वेग जास्त मिळतो, पण पलीकडेही त्याच कंपनीचं यंत्र लागतं. पावसकरांची डिश त्यांच्या खास पद्धतीने हाका मारते आहे, आमची आमच्या.

पावसकरांना फोन केला. ते कातळावर असल्याने लागला. म्हटलं, आमच्या कंपनीची डिश मागवा. ते म्हणाले, "तुम्ही आमच्या कंपनीची मागवा."

म्हटलं, आमची पद्धत जास्त वेगवान आहे.

"आमची समुद्राच्या हवेत जास्त टिकते," ते म्हणाले. "आणि शिवलकर, मी हाँगकाँगच्या वादळात निरोप पोचवलेत. मला शिकवू नका."

९ जून

तिसरा आठवडा. डिशा एकमेकींकडे बघत उभ्या.

साधी, सर्वांची म्हणून जी ठरलेली पद्धत आहे, तिच्यावर दोघांनी यंत्रं आणली तर जोडणी होईल. हे मला माहीत नाही असं नाही. पण मग माझ्या डिशची निम्मी ताकद वाया जाणार. उद्या कुणी विचारलं, शिवलकर, एवढं चांगलं यंत्र घेऊन साध्यावर का चालवता, तर मी काय सांगू? शिवाय पहिलं पाऊल मी का टाकावं? वयाने पावसकर माझ्याहून चार महिन्यांनी लहान आहेत. चौकशी केली.

वर्गात कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

जेवताना राजश्री म्हणाली, "अहो, मार्चमध्ये तुम्ही ते हेक्याचं किती छान बोलला होतात."

"ते कंपन्यांबद्दल होतं," मी म्हटलं.

१५ जून

राजश्री सकाळच्या एसटीने आडबंदरला गेली. चिमाबाईकडून सुकट आणायची म्हणे. पावसापाण्याची एवढ्या लांब सुकटीसाठी कशाला, ती बाजारात मिळते, असं मी म्हटलं. "चिमाची सुकट वेगळी असते," म्हणाली.

संध्याकाळी आली ती हसतमुख. सुकट आणायची विसरली. वय झालं की असं होतं.

पण मोठी बातमी आणली. तिथे तिला दर्शना नर्स भेटली आणि दोघी सहज म्हणून पावसकरांकडे गेल्या. पावसकर आपणहून म्हणाले म्हणे, "शिवलकरांसारख्या अनुभवी माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. मी माझी खास पद्धत उद्या सकाळी बंद करतो आणि सर्वांच्या साध्या पद्धतीवर येतो. त्यांना तसं सांगा."

मला भरून आलं. माणूस दिसतो ताठ, पण मनाने मोठा आहे. एवढं त्याने केल्यावर मी मागे राहणं शोभणार नाही. मीही उद्या सकाळी आमची डिश साध्या पद्धतीवर आणतो.

राजश्रीने दर्शनाला फोन करून माझा निर्णय कळवला; ती ठरवून कातळावर थांबली होती म्हणे. बराच वेळ बोलत होत्या. मध्येच दोघी कशाला तरी खूप हसल्या.

१६ जून

जोडलं! जोडलं! जोडलं!

सकाळी गच्चीवर छत्री धरून मी सेटिंग बदललं. यादीत आधी काहीच नाही. मग एक नाव उमटलं: 'आडबंदर'. नावापुढचा दिवा हिरवा झाला. पडद्यावर दर्शनाचा चेहरा आला आणि तिच्यामागे चिमाबाई, बाजूला पावसकरांच्या मिशा.

चिमाबाई म्हणाली, "मास्तर, गावलंत."

आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो, तिकडेही वाजवत होते, आणि त्यांच्या टाळ्या आमच्यापर्यंत क्षणभर उशिरा पोचत होत्या. एवढा अभिमान मला एसटीडी सुरू झाली त्या दिवशीही वाटला नव्हता. ते जाळं खात्याचं होतं. हे आम्ही बांधलं.

पावसकर म्हणाले, "शिवलकर, तुमचा मोठेपणा."

मी म्हटलं, "नाही, तुमचा."

"नाही हो, तुमचाच."

सभ्य माणूस.

२३ जुलै

खूप उशीर झालाय. तरी लिहितो.

सकाळी घाटीत दरड आली. रस्ता बंद, तिच्यासोबत काचेची तार तुटली, त्या बाजूचा मोबाइल टॉवर मुका झाला. खाडीतली फेरीबोट आठवड्यापासूनच बंद आहे, पाण्याला लोंढा आहे. आडबंदर एकटं पडलं. फक्त आमच्या डिशा बोलत होत्या.

दुपारी जेवणं आटोपून मी आणि राजश्री वाचनालयात दर्शनाशी सहज बोलायला गेलो होतो. पडद्यावर तीच घाईघाईने आली. "सर, सानवीला विंचू चावलाय. लाल." सानवी म्हणजे चिमाबाईची नात, सात वर्षांची. पडवीत लाकडं रचलेली होती, त्यात हात घातला.

चिमाबाई मुलीला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसली. मुलगी घामाने निथळत होती, हातपाय बर्फासारखे, दोनदा उलटी झालेली. लाल विंचवाने आपल्या कोकणात मुलं दगावतात हे सांगायला नको. औषधाच्या गोळ्या उपकेंद्रात होत्या. पण एवढ्या मुलीला किती, परत कधी, छातीत पाणी भरतंय की नाही हे कसं ओळखायचं, यासाठी डॉक्टर हवा होता आणि डॉक्टर खाडीच्या या बाजूला.

राजश्रीने जिल्हा रुग्णालयात फोन लावला. डॉ. श्रद्धा सावंत ड्यूटीवर होत्या. त्या त्यांच्या पडद्यावर आल्या आणि सरळ मुलीकडे बघू लागल्या. "सिस्टर, कॅमेरा छातीवर आणा. श्वास मोजूया. फ्रॉक वर करा. ओठ दाखवा." दर्शना एकेक दाखवत होती. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण सांगितलं. गोळी गेली.

आणि चित्र थिजलं.

वाऱ्याचा जोर होता. मी जिना चढून गच्चीवर गेलो. डिशचा खांब हलत होता, बोल्ट सैल झालेला. आमची डिश आडबंदरऐवजी आभाळाकडे बघत होती. पाना खाली राहिलेला. मी दोन्ही हातांनी खांब धरला, छातीने डिशला टेकलो आणि हळूहळू वळवत राहिलो. खालून राजश्री ओरडली, "आलं!" मग, "गेलं!" मग, "आलं, आता हलू नका!"

मी हललो नाही. पावसात, वाऱ्यात, खांबाला मिठी मारून उभा राहिलो. समोर खाडी दिसत नव्हती, नुसता करडा पडदा. खालून मला राजश्रीचा आवाज तुटक ऐकू येत होता. ती सानवीशी बोलत होती, पहिलीतल्या मुलाशी बोलतात तसं. "माझ्याकडे बघ गो बाय. डोळे मिटायचे नाहीत. तुझ्या बोटीचं नाव काय? बोटीवर रंग कुठला?" बराच वेळ नुसता तिचाच आवाज. मग एकदा दुसरा, बारीक आवाज आला. "निळा."

किती वेळ गेला ठाऊक नाही. अध्यक्ष पाना घेऊन आले, बोल्ट आवळला. माझे हात खांबावरून सुटेनात, त्यांनी सोडवले.

डॉक्टर संध्याकाळपर्यंत पडद्यावरून हलल्या नाहीत. दुसरी गोळी त्यांनी सांगितलेल्या वेळी गेली. दिवेलागणीला मुलीचे हात गरम झाले आणि तिने पेज मागितली.

डॉक्टर म्हणाल्या, "सिस्टर, आज तुम्ही होता म्हणून. आणि ही लाइन होती म्हणून."

राजश्रीने मला टॉवेल दिला आणि मग खुर्चीत बसून तोंडावर पदर घेऊन खूप रडली. मी तिच्याजवळ उभा राहिलो.

२५ जुलै

घाटी मोकळी झाली. सानवीला रुग्णालयात आणून तपासलं. छातीत काही नाही, हृदय ठीक. चिमाबाईने वॉर्डाबाहेर माझ्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. मी मागे झालो. मग तिने राजश्रीला घट्ट मिठी मारली आणि तिथे राजश्री मागे झाली नाही.

४ ऑगस्ट

पावसकर घरी आले. हातात काठी, उजवा खांदा बांधलेला. विचारल्यावर म्हणाले, "काय नाही हो. त्या दिवशी माझी डिशपण निघायला आली होती. उपकेंद्राच्या पत्र्यावर चढलो आणि धरून बसलो. उतरताना घसरलो."

खाडीच्या दोन टोकांना आम्ही दोघे, एकाला दुसऱ्याचं ठाऊक नाही.

मग ते खुलले. आपल्या काळातल्या गोष्टी काढल्या. बिनतारी यंत्रं नवी होती तेव्हा एका कंपनीचे ऑपरेटर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरून आलेला निरोप घेत नसत. समुद्रात बोट अडचणीत असली तरी आधी यंत्र कुणाचं ते विचारलं जाई. शेवटी १९०६ साली बर्लिनला सगळे देश बसले, यंत्र कुणाचंही असो निरोप घ्यायचा असं ठरलं आणि संकटाची खूणही एक ठरली, एसओएस. "त्या खुणेवर माझी भाकरी चालली," पावसकर म्हणाले. "मग उपग्रह आले. नवा नियम झाला, मोर्सची गरज संपली आणि माझीपण. बोटीवरून उतरलो ते कायमचा. नियमाने दिलं, नियमाने घेतलं. राग नाही. पण त्या दिवशी पत्र्यावर बसलो होतो ना, तेव्हा वाटलं, परत ड्यूटीवर आलोय."

मी त्यांना भंगारात गेलेल्या कपाटाचं सांगितलं. आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. बास, एवढंच. पण मला हलकं वाटलं.

जाताना म्हणाले, "एक सांगतो. मी काही माझी पद्धत बंद करणार नव्हतो. पण वहिनींनी येऊन सांगितलं की तुम्ही आधीच बंद करायचं ठरवलंय, माझ्याशी वाद नको म्हणून. मग मला लाज वाटली."

मी म्हटलं, "म्हणजे? तुम्ही आधी..."

आतून कपबशांचा आवाज येत होता, तो थांबला.

पावसकरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मिशा हलायला लागल्या. मग आम्ही दोघे एवढे हसलो की त्यांचा खांदा दुखायला लागला. आतून राजश्री म्हणाली, "चहा आणखी हवाय का?" तिचा आवाज अगदी साधा होता. तीस वर्षं मुलांची भांडणं मिटवलेल्या बाईचा.

ते गेल्यावर मी मार्चपासूनची पानं वाचली. किटली. व्हरांडा. एसटीची पाकिटं. सुकट. सगळं मीच लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही.

तिला विचारलं, "ते एसटीचं उदाहरण तुझं ना?"

"तुमचंच हो," ती म्हणाली. "मी फक्त तिकीट काढलं."

२२ सप्टेंबर

तालुक्यातल्या आणखी चार उपकेंद्रांना असंच जोडायचं ठरलंय. प्रत्येक गावात आधी वर्ग होईल. गावांनी मागणी एकाच शिक्षकाची केली. चिमाबाईने तिच्या नात्यागोत्यात सगळीकडे निरोप पोचवला आहे: बाईंनाच पाठवा.

आज पहिलं गाव. मी बॅग घेतली, बॅगेत तार, पाना आणि दोन्ही कंपन्यांच्या छोट्या डिशा. देवळाच्या सभामंडपात साठ-सत्तर माणसं. राजश्री फळ्यापाशी उभी राहिली. फळ्यावर तिने काहीच लिहिलं नाही. समोरच्या बाईला म्हणाली, "तुमच्या कानातला तो बिनतारी इअरफोन आणि हातातला फोन, हे झालं सगळ्यात लहान जाळं. तुमच्या घरात एका पेटीवर सगळ्यांचे फोन चालतात, ते दुसरं. सगळी रत्नागिरी जोडली ते तिसरं. आणि तुमचा मुलगा मस्कतहून बोलतो, ते सगळ्यात मोठं. चारही जोडायला एकच गोष्ट लागते. कसं बोलायचं ते आधी ठरवायचं, आणि ठरल्यावर पाळायचं."

माझे चार प्रकार. दोन मिनिटांत, आणि कुणी पापणी मिटली नाही. मी दरवाजाजवळ सतरंजीवर बसून ऐकत होतो. मला वाटलं होतं, थोडं टोचेल. टोचलं नाही. छाती भरून आली होती, हिरव्या दिव्याच्या दिवशीहून जास्त.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. माझ्या बॅगेकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आपण कोण? टेलिफोनवाले काय?"

मी म्हटलं, "नाही. मी बाईंचा मिस्टर."

ते लगेच सरकले आणि मला पुढे बसायला जागा करून दिली.